पावडर न घातलेली बाटली

पाण्यातलं ब्याण्णव टक्के विष गायब! हा आकडा बघून आमचे सर खुर्चीतून उठले होते, आणि सर चहासाठीसुद्धा उठत नाहीत.

सहा वर्षं मी हेच करतेय. धातूचे कण आणि सेंद्रिय रेणूंच्या दांड्या जोडून असा सांगाडा बांधायचा, की आत खोल्याच खोल्या राहाव्यात आणि पाण्यातलं विष त्यांत शिरून अडकावं. दिसायला नुसती पांढरी पावडर. वहिनी म्हणते, "म्हणजे उंदराचा पिंजरा." झालं! सहा वर्षांचं संशोधन दोन शब्दांत निकालात.

पण पिंजरा हवा होता तिलाच. दादाच्या गल्लीमागे कापडावर पाणी न ठरणारा लेप द्यायचा कारखाना होता. तो बंद पडला, त्याचं विषारी रसायन गल्लीच्या विहिरीत राहिलं. ते कुजत नाही, उकळून जात नाही. चार वर्षं गल्ली टँकरवर जगतेय, त्यात भाची आठव्या महिन्यात माहेरी आलेली. दादाच्या अंगणातल्या नळाला मी माझ्या पावडरीचं नळकांडं बसवून दिलं होतं. शुक्रवारी पाणीखात्याचा इंजिनिअर अहवाल घेणार, की नळ सुरू.

बुधवारी दुपारी अहवालासाठी सगळं पुन्हा मोजायला घेतलं. विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या, त्यांत पावडर, हलवायचं, मग सिरिंजला छोटी नायलॉनची गाळणी लावून पावडर वेगळी करायची आणि उरलेलं विष मोजायचं. एका बाटलीत मुद्दामच पावडर नसते, तुलनेसाठी. ती आम्ही कधी गाळली नव्हती. पावडरच नाही तर गाळायचं काय, डोंबल! त्या दिवशी हात चालत होता, तीही गाळली गेली.

पावडर नसलेल्या बाटलीतलं विष अठ्ठ्याऐंशी टक्के गायब.

मी खाली बसले. विष गाळणीने गिळलं होतं आणि शाबासकी आम्ही पावडरीला देत होतो. मग गाळणी फेकली, बाटल्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवल्या, पावडर तळाला बसवली आणि वरचं पाणी मोजलं. माझ्या पावडरीची खरी कमाई चौतीस टक्के. तीनदा मोजलं. चौतीसच.

"शुक्रवारी इंजिनिअरला काय सांगू?" सरांनी विचारलं.

"चौतीस."

"महिनाभराने सांगू ना. ब्याण्णव काही खोटं नाही, मोजलेलंच आहे."

"मग ते पाणी तुमच्या घरी न्या सर, आणि प्या!" माझा तोल गेला तो गेलाच.

सरांनी माझी वही पुढे ओढून आकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "तुलनेची बाटली गाळायची नाही, हे कोणी ठरवलं होतं?"

"मीच," मी म्हटलं. लाज वाटली, भयंकर वाटली. पण लाजेने टक्के वाढत नाहीत. अहवालात चौतीस लिहिलं, चूक कशी झाली तेही लिहिलं, खाली सही ठोकली. सरांनी कपाळाला हात लावला आणि शेजारी स्वतःची सही केली.

मग दादाला फोन लावला.

"सगळ्या गल्लीला सांगून बसलोय मी, माझ्या बहिणीने विष पकडलं म्हणून!" तो ओरडला. "आता तोंड कुठे लपवू? नाक कापलंस माझं!" आणि फोन आपटला.

मी रडले नाही. रागच इतका आला होता, दादाचा नाही, माझा. सांगाड्यातल्या खोल्यांची दारं अरुंद असणार, विष आत मावतच नसणार. लांब दांड्या वापरून सांगाडा नव्याने बांधायला हवा. वही उघडून मी पहिली कृती लिहायला घेतली, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"त्यांचं मनावर घेऊ नकोस, होतील शांत. आम्ही काही ते पाणी अजून घेतलं नव्हतं. तुझ्या 'हो'ची वाट बघत होतो."

"वहिनी, आणि मी शुक्रवारी 'हो' म्हटलं असतं तर?"

"तर काय? सगळ्यात आधी पोरीलाच दिलं असतं. तू सांगितल्यावर दुसऱ्या कोणाला कशाला विचारायचं?"

मी एवढंच म्हटलं, "नळकांडं काढून ठेव. आजच काढ," आणि लांब दांड्यांचा डबा उघडला.