गठुळीचं पोट

मनकर्णाच्या घरात माणसं दोन आणि मांजरं चार. लेकरूबाळ झालं नाही, तेव्हा ज्या मांजरानं उंबरा ओलांडला ते घरचंच झालं. बांडी, भुरी, एक लंगडा बोका आणि गठुळी. पहिल्या तिघांच्या फासळ्या बसल्या जागेवरून मोजाव्यात. गठुळीला फासळ्या आहेत की नाहीत, ते देवालाच ठाऊक. ती चालायला लागली की पोट आधी डावीकडं जायचं, मग उजवीकडं, आणि मांजर त्याच्या मागून. चौघांचं जेवण एकाच दगडी कुंडीत, पण गठुळीनं तोंड घातलं की बाकीचे तिघं गरीब सुनांसारखे बाजूला बसून राहत.

मनकर्णाला तिचं भारी कौतुक होतं. हिरासिंग मिठाची गाडी घेऊन आला त्या दिवसापर्यंत होतं, असं म्हणू.

हिरासिंग गावोगाव मीठ विकत हिंडायचा. मीठ पैशानं द्यायचा आणि बातम्या फुकट. त्या दिवशी तो शिरड शहापूरकडून डोंगरकडा गावात आला आणि मनकर्णाच्या ओट्यावर टेकून म्हणाला, "तिकडं लेव्हीच्या वसुलीवर नवा गिरदावर आला हाय, पटवाऱ्याच्या वरचा साहेब. लई बेरकी माणूस. कणग्या बघत न्हाई. मांजरं बघतो."

"मांजरं काहून?" मनकर्णानं विचारलं.

"म्हणतो, धान्य लपतं, उंदीर लपत न्हाईत. एका घरची मांजर पखालीवानी फुगलेली, गोठ्यात एकाच जागी बसून राहिलेली. त्यानं तिच्या बुडाखालीच खणायला लावलं. सात पोती जवारी निघाली. मालकाला धरून नेलं. महिना झाला, अजून पत्ता न्हाई."

मनकर्णाच्या तोंडचं पाणी पळालं. कारण गठुळी त्या वेळी गोठ्यातच बसली होती, आणि जिथं बसली होती तिथं खाली ज्वारी लपवलेलं पेव होतं.

महायुद्ध संपून वर्ष उलटलं, तरी निजाम सरकारची लेव्ही, म्हणजे धान्याची सक्तीची वसुली, काही संपली नव्हती. शेतात काय पिकलं ते कुणी बघत नसे. कागदावर काय पिकायला पाहिजे होतं ते बघून ज्वारी उचलून नेत. गेल्या उन्हाळ्यात मनकर्णानं आणि तिच्या नवऱ्यानं, दगडोबानं, चिंचोके भाजून दिवस काढले होते. म्हणून यंदा दगडोबानं गोठ्यात खड्डा खणला, आतून कडबा लावला, चार पोती ज्वारी ओतली, वर फरशी, फरशीवर माती, मातीवर शेण. गावात कुणाला कळलं नाही. उंदरांना कळलं. उंदरांच्या मागोमाग गठुळीला कळलं, आणि तिनं बाकीच्या मांजरांना गोठ्यात पाय ठेवू दिला नाही. एकटीनं खाल्लं आणि एकटीच फुगली.

"इकडं कवा येणार हाय तो?" मनकर्णानं जमेल तितक्या थंड आवाजात विचारलं.

"संक्रांत झाली की," म्हणून हिरासिंग बैल हाकत निघून गेला. संक्रांतीला अठरा दिवस होते.

दगडोबाला दमा होता. विहिरीपासून घरापर्यंत येताना तो दोनदा खाली बसायचा. कोठडीच्या गार फरशीवर तो आठ दिवससुद्धा टिकला नसता. त्याला हे कळत नव्हतं असं नाही, पण तो हसण्यावारी न्यायचा. "मांजर काय तोंडानं सांगणार हाय व्हय?" तो म्हणाला.

"पोटानं सांगंल," मनकर्णा म्हणाली.

सोडून यावी, तर गल्ली विचारणार, चाराची तीन कशी झाली. मारायचं तर नावच काढायला नको. हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, आणि मनकर्णाच्या गळ्यात दोन मण्यांपलीकडं सोनं नव्हतं. तेव्हा एकच वाट उरली. गठुळीला रोडवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गठुळीला कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडलं आणि वर वरवंटा ठेवला. खाणं एकदम बंद, फक्त पाणी.

"मांजरीनं एकादस धरली का?" दगडोबानं विचारलं.

पहिल्या दिवशी गठुळीनं घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कण्हली. तिसऱ्या दिवशी गप्प झाली. चौथ्या दिवशी सकाळी तिनं डालगं उचलून दूध-भाकरीचा काला समोर ठेवला. गठुळीनं तोंड फिरवलं. कानाची आतली बाजू हळद चोळल्यासारखी पिवळी पडली होती. मनकर्णानं मांजर पदरात घेतलं आणि समोरच्या खुर्शीदबीकडं धाव घेतली.

खुर्शीदबी साठीची, एकटी, तीन बकऱ्यांवर जगणारी. गल्लीतलं आजारी जनावर आधी तिच्या दारात यायचं, मग वैद्याकडं जायचं असलं तर जायचं. तिनं गठुळीचा जबडा उघडून हिरड्या बघितल्या. "किती दिवस उपाशी ठेवलीस?"

"तीन."

"येडी का काय गं तू? बारकं मांजर थोडी कळ काढतं. असं जाडं एकदम उपाशी पडलं की त्याची चरबीच त्याला खाऊन टाकती. काहून केलंस असं?"

"लई जाडी झाली, मावशी. हिला उडी मारता येईना."

खुर्शीदबीनं तिच्याकडं क्षणभर बघितलं. मग चिंधीचा बोळा बकरीच्या दुधात बुडवून गठुळीच्या ओठात पिळला. दर घटकेला चार थेंब. दोघी आळीपाळीनं बसल्या. मनकर्णा मनातल्या मनात सगळ्या देवांना सांगत होती, की ही जगू दे, फक्त जाड राहू देऊ नको. देवालाही असलं मागणं नवंच असणार. दोन दिवसांनी संध्याकाळी गठुळीनं स्वतःहून चिंधी चाटली, तेव्हा मनकर्णाला रडू फुटलं.

"आता ऐक," खुर्शीदबी म्हणाली. "रोज एक घास कमी. एकच. तिचं वाढलेलं दुसऱ्यांनी खायचं न्हाई, दुसऱ्यांचं तिनं खायचं न्हाई. आन् पळव तिला."

तसंच चाललं. गठुळी डालग्याखाली जेवायची, बाकीचे तिघं भिंतीवर, जिथं तिला चढता येत नव्हतं. जेवण झालं की कुंडी उचलून शिंक्यात. गोठ्याच्या दाराला काट्या लावल्या आणि उंदरांसाठी आत बांडीला नेमलं. सकाळ-संध्याकाळ मनकर्णा सुतळीला लाल चिंधी बांधून अंगणात ओढत चालायची आणि गठुळी धापा टाकत मागं. शेजारणी हसायच्या. मनकर्णालाही हसावं लागायचं, पण तिचे कान रस्त्याकडं असायचे. गाडीचं चाक वाजलं की ती दाराशी जाऊन बघायची. कुत्रं भुंकलं की हातातली सुतळी सुटायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. जो तो आपल्या गोठ्याकडंच बघतोय असं तिला वाटू लागलं होतं.

रोज दुपारी गठुळीला दाखवायला म्हणून ती खुर्शीदबीच्या चुलीपाशी जाऊन बसायची. तिथं जरा बरं वाटायचं. पेवाचं मात्र ती तिथंही बोलली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मावशी, नवा साहेब लई कडक हाय म्हणतात. घरात दाणा दिसू देऊ नका."

खुर्शीदबीकडं दोन पायली ज्वारी होती. लोकांच्या रानात कापणी झाल्यावर पडलेली कणसं वेचून वेचून जमवलेली. ती आजवर दाराशीच गाडग्यात असायची, उघडी.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी गिरदावर आला. चष्मा घातलेला किडकिडीत माणूस, सोबत पटवारी आणि दोन शिपाई. गल्लीच्या समोरच्या अंगाची घरं आधी झाली. ऊन वर आल्यावर तो मनकर्णाच्या अंगणात शिरला. दिलेलं पाणी त्यानं घेतलं नाही. कणगीकडं शिपायाला पाठवलं आणि स्वतः विचारलं, "मांजरं किती आहेत?"

"चार," दगडोबा म्हणाला. त्याला आधीच दम लागला होता.

बांडी, भुरी आणि बोका भिंतीवर बसले होते. गिरदावरानं त्यांच्यावरून नजर फिरवली. मग गठुळी दारातून आली. निम्मी राहिली होती. आता चालताना मांजर पुढं असायचं. मनकर्णानं कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास घेतला.

गिरदावर उकिडवा बसला. गठुळीला बखोटीला धरून उचललं आणि खालून बघितलं. मांस उतरलं होतं, पण कातडी कुठं जाणार? ती रिकाम्या पिशवीसारखी मागच्या पायांपर्यंत लोंबत होती. कातडीचं मनकर्णाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ही जाडी होती," तो म्हणाला. "खूप जाडी. आणि नुकतीच उतरली. का उतरली?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मांजर जाड राहिली असती तर जातीचीच जाड म्हणता आलं असतं. दगडोबा भिंतीला टेकला आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. आता हा गोठा विचारणार, आता काट्या काढायला सांगणार, आता यांना धरणार, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिचे हात इतके कापत होते, की हातातल्या बांगड्या वाजू लागल्या.

त्या आवाजानं गिरदावरानं वर बघितलं. बांगड्या मनगटात राहतच नव्हत्या. हात वर केला की कोपरापर्यंत जात होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. गालाचे खड्डे पडले होते. मांजरीचा एक घास कमी होत होता तेव्हा मनकर्णाचे दोन कमी होत होते, आणि ते कुणी बघितलं नव्हतं, तिनं स्वतःसुद्धा.

"तुम्ही कधीपासून जेवला नाहीत, बाई?" त्यानं विचारलं.

"पंधरा-वीस दिस झाले, साहेब. घास उतरत न्हाई." हे तिच्या तोंडून निघून गेलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

शिपाई म्हणाला, कणगीत तळाला तीन-चार पायली असेल. गिरदावरानं गठुळीला खाली ठेवलं आणि हात झटकले. "इथं माणसंच उपाशी आहेत, मांजर जाड कशी राहणार," तो पटवाऱ्याला म्हणाला. मग जरा थांबून शिपायाला हाक मारली, "ते समोरच्या घरातलं बोचकं आणा."

बोचकं आलं. खुर्शीदबीच्या जुन्या ओढणीचं होतं.

"बकऱ्यांच्या गवताखाली लपवलं होतं म्हातारीनं," गिरदावर म्हणाला. "लपवलं, म्हणून घेतलं. उघडं गाडग्यात असतं तर मी हात लावला नसता. दोन पायलीसाठी आम्ही इतक्या लांब येत नाही. घ्या, पदर धरा."

मनकर्णाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. समोरच्या दारात खुर्शीदबी उभी होती. तिनं मान हलवली, अगदी जराशी. घे, अशी. मनकर्णानं पदर पसरला. वेचलेल्या कणसांची बारीक, मातकट ज्वारी त्यात पडली.

साहेब पुढच्या घराकडं गेला, तशी ती पदर आवळून गल्लीपार झाली. खुर्शीदबी थंड चुलीपाशी बसली होती. मनकर्णानं ज्वारी सुपात ओतली.

"न्हाई म्हणायला जीभ वळली न्हाई, मावशी."

"न्हाई म्हटलं असतंस तर गोठा खणला असता."

मनकर्णा खाली बसली. "तुमाला कवापासून ठाव हाय?"

"मांजर जाडी झाली म्हणून कोण उपाशी ठेवतं गं? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला काहून न्हाई?"

"मी वाट बघून राहिले होते, तू बोलशील म्हणून." खुर्शीदबी सुपातले खडे वेचू लागली. "रोज माज्या चुलीपाशी बसायचीस. दाणा लपवा म्हणालीस. पर माज्याकडं हाय, मावशी, कमी पडलं तर या, असं एकदा बी म्हणली न्हाईस."

"भ्या वाटत होतं."

"माजं?"

मनकर्णाला खोटं बोलता आलं असतं. "व्हय," ती म्हणाली. "तुमचं बी."

खुर्शीदबी खडे वेचत राहिली. मनकर्णा उठून घरी आली. दगडोबाचा दम जरा बसला होता. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "ती कुठं बोलंल का?"

हाच प्रश्न गल्ली ओलांडताना तिच्याही मनात आला होता, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली, की ती सरळ कणगीपाशी गेली आणि तळाची ज्वारी खरवडून सुपात भरू लागली.

"आपण काय खायचं?" दगडोबानं विचारलं. "साहेब गावात हाय तवर पेव उघडता येणार न्हाई."

"तवर न्हाई खायचं."

"आन् पटवाऱ्यानं बघितलं तर? कुठली म्हणशील?"

"साहेबानं दिलेली," मनकर्णा म्हणाली.

चावडी तिथून दिसत होती. ओट्यावर दोन्ही शिपाई बिडी ओढत बसले होते आणि इकडंच बघत होते. मनकर्णानं सूप झाकलं नाही. गल्लीची दहा पावलं ती तशीच चालली, आणि खुर्शीदबीच्या पुढ्यात सूप ठेवताना थोडी ज्वारी सांडलीच.

खुर्शीदबीनं सुपाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "भ्या वाटलं का येताना?"

"लई."

"बस मग जरा," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला घेतली.