खोकून दाखवा

फॉर्म भरण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही. पोस्टाच्या खिडकीमागे बसून वीस वर्षं मी लोकांच्या चुकीच्या तारखा आणि अर्धवट पत्ते दुरुस्त करतेय. त्यामुळे बाबांच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं, तेव्हा हॉस्पिटलचा चार पानी फॉर्म आपसूकच माझ्याकडे आला. बाबा, आई आणि मी तिघं बाकावर बसलो होतो. मी मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर लिहीत होते.

"सिगारेट?" मी विचारलं.

"अकरा वर्षं झाली सोडून."

"छातीचा काही जुना आजार?"

"नाही. ठळक लिही, नाही."

"झोपताना किती उशा लागतात?"

"एक. डोकं एकच आहे ना मला!"

मी हसले आणि 'एक' लिहिलं. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे. ती नजर मला दिसली होती. पण मागे रांग होती, पुढे आणखी दोन पानं होती. मी काणाडोळा केला.

बाबा सुतार. एकोणसत्तरीला आले तरी रोज वर्कशॉपला जायचे. जिना चढताना धाप लागायची, ती झडपेमुळे, असं सगळेच धरून चालले. फुंकून बघायच्या तपासणीत आकडा कमी आला, तोही झडपेच्या खात्यात गेला.

ऑपरेशनला चार तास लागतील म्हणाले होते, सहा लागले. जुन्या झडपेवर चुन्यासारखा थर साचून ती दगड झाली होती. पण नवी झडप नीट बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं तेव्हा बाबा जागे होते. तोंडात श्वासाची नळी, ती ओठांशी पट्टीने बांधलेली, शेजारी मशीन. बोलता येत नव्हतं म्हणून नर्सने त्यांना पाटी दिली होती. त्यांनी तिच्यावर एकच शब्द तीनदा लिहिला होता: काढा, काढा, काढा. तिसऱ्या वेळी पेन इतकं दाबलं होतं की टोक वाकलं.

अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी मशीनचा आधार कमी करून अर्धा तास वाट पाहिली. मग वाकून म्हणाल्या, "काका, खोकून दाखवा. जोरात."

बाबा खोकले. फळीवरचा भुसा फुंकावा तेवढाच आवाज झाला.

डॉक्टरबाई क्षणभर थांबल्या. त्यांनी कागद चाळले, पुन्हा बाबांकडे पाहिलं. बाबांनी पाटी उचलून त्यांच्या तोंडासमोर धरली.

"बरं, काढू या," त्या म्हणाल्या.

नळी निघाल्यावर बाबांनी आधी पाणी मागितलं. चमचाभर मिळालं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आत कुणी काम केलंय? कोपरा घासायचा राहिलाय, टोचतोय." नर्स हसली, आई हसली. मी बाहेर येऊन धाकट्या भावाला फोन केला आणि सांगितलं, सुटलो.

दुपारी आत गेले तेव्हा बाबा पुढे झुकून बसले होते. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या होत्या. कसं वाटतंय म्हणून विचारलं तर एकेका श्वासाला एकेक शब्द आला. "बरं... आहे... मला." नर्स मला बाजूला सारून डॉक्टरबाईंना बोलवायला धावली. त्या येईपर्यंत बाबांचे डोळे मिटायला लागले होते. मला वाटलं, दमून झोप येतेय. ती झोप नव्हती. आत साचलेला वायू बाहेर टाकायचं बळ संपलं होतं. पडदा ओढला गेला आणि आम्हाला बाहेर पाठवलं.

वीस मिनिटांनी डॉक्टरबाई आल्या. उभ्याने काही सांगितलं नाही, आमच्याच बाकावर बसल्या.

"नळी परत घालावी लागली."

"म्हणजे आता ते जाणार?" आईने विचारलं.

"तसं नाही. पण खोटा धीर देणार नाही. नळी दुसऱ्यांदा घालावी लागली की धोका वाढतो. किती दिवस लागतील तेही आज सांगता येणार नाही." मग त्या आईकडे वळल्या. "काकू, घरी ते झोपतात कसे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "खुर्चीत," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. आधी तीन उशा, मग खुर्ची. सकाळी उठलं की तासभर कफ काढतात. थंडीत छातीत शिट्टी वाजते. आणि सिगारेट परवापरवापर्यंत चालू होती, वर्कशॉपच्या मागे."

"आई! मी विचारत होते तेव्हा तू तिथेच होतीस ना?"

"तू त्यांना विचारलंस. मला कुठे विचारलंस?"

ती डॉक्टरबाईंकडे वळली.

"ते म्हणाले, खरं सांगितलं तर ऑपरेशन लांबवतील," आई डॉक्टरबाईंना म्हणाली. "म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं."

मला वाटलं, आता त्या फैलावर घेतील. त्यांनी आवाजही चढवला नाही. "लांबवलं असतं, दोन-तीन आठवडे. सिगारेट बंद, छातीचे व्यायाम, वाफेची औषधं. आणि नळी काढल्याबरोबर हवा आत ढकलणारा घट्ट मास्क लावला असता. पण सगळं तुमच्यावर ढकलत नाही. त्यांचं वय, लांबलेलं ऑपरेशन, कमी झालेलं रक्त, हे तर माझ्यासमोरच होतं. तो खोकलाही मी ऐकला होता. मला तो पटला नव्हता. पण कागदावर फुप्फुसं धडधाकट होती, आणि ते पाटी घेऊन बसले होते."

कागदावरचं अक्षर माझं होतं.

पुढचे दिवस मी त्या बाकावर काढले. माझ्या खिडकीवर चुकीचा फॉर्म आला की मी तो परत करते, माणूस कुरकुरत दुरुस्त करून आणतो, संपलं. इथे परत करायला काही नव्हतं. सारखं आठवत होतं ते लहानपणचं वर्कशॉप. संध्याकाळी तिथल्या भुशात बाबांची पावलं उमटलेली असायची. जेवायला बसले की पहिल्या घासाआधी ते खोकायचे. जन्मभर ऐकलेला खोकला. इतका रोजचा, की तो ऐकू यायचाच बंद झाला होता. बाबा खोटं बोलले हे खरं. पण मला खरं माहीत नव्हतं, असं कसं म्हणू?

आत त्यांना औषधांनी दोन दिवस झोपवून ठेवलं. अंगात साचलेलं पाणी काढलं, रक्त चढवलं. फिजिओथेरपिस्ट दिवसातून चारदा येऊन पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करायचा. पाचव्या दिवशी बाबा पूर्ण जागे होते. डॉक्टरबाई वाकल्या. "काका, खोकून दाखवा."

बाबा खोकले. डॉक्टरबाईंनी मान हलवली. "आज नाही."

बाबांनी पाटीवर लिहिलं: का?

"मागच्या वेळी तुमचं ऐकलं म्हणून," त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी आईला पलंगाशी उभं राहायची परवानगी मिळाली. या वेळी बाबा असे खोकले की नर्स दोन पावलं मागे सरली. नळी निघाली आणि पुढच्याच क्षणी तोंडावर मास्क चढला. तो मास्क त्यांना मुळीच सोसत नव्हता. नाकावर वळ उठले. काढायला हात गेला की आई तो हात धरून ठेवायची. त्या दिवशी नळी परत घालावी लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी मास्क तासाभरासाठी निघाला, तेव्हा बाबांनी आईला विचारलं, "तू सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दिवसभर आईशी अक्षर बोलले नाहीत. मी समजूत घालायला निघाले तर आईने थांबवलं. "रुसू दे. रुसायलाही श्वास लागतो. येतोय तोवर रुसू दे."

तीन आठवड्यांनी बाबा घरी आले. आवाज बसका झाला तो तसाच राहिला. वर्कशॉपला ते जातात, पण दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. रंधा, करवत भागीदाराकडे. ते फक्त चुका काढतात. सिगारेट सुटलीय, असं आई सांगते. आता मी आईलाच विचारते.

परवा दुपारी त्यांच्याजवळ बसले होते. म्हटलं, "बाबा, त्या दिवशीचं काही आठवतं?"

"दुसऱ्यांदा नळी घातली ते नाही आठवत." ते थोडं थांबले. हल्ली बोलताना मध्येच थांबतात. "त्याच्या आधीचं आठवतं. श्वास घेत होतो आणि मिळत नव्हता. तू विचारलंस ना, कसं वाटतंय?"

"हो. तुम्ही म्हणालात, बरं आहे."

"तेच. मरायला टेकलो होतो आणि मनात काय, तर कुणाला कळू नये."

"का पण?"

त्यांनी खरोखर विचार केला. समोरून भागीदार फळी घेऊन गेला तरी त्यांचं लक्ष हललं नाही.

"नाही सांगता येत गं," ते म्हणाले.

मी खुर्ची थोडी जवळ ओढली आणि तिथेच बसून राहिले.