तिसऱ्या मजल्यावरील सेवा

परदेशी लेकीकडे कायमचे राहायला जाण्यापूर्वी निवृत्त पोस्टमास्तरांनी एकच अट घातली होती.

"मी आयता बसून खाणार नाही. तिथं काही सेवाकार्य असेल तर माझं नाव घाल. झाडू मारीन, पण रिकामा बसणार नाही."

लेकीने ते मान्य केले, आणि ते पोहोचताच निळ्या फितीची एक ओळखपट्टी त्यांच्या हाती ठेवली. तिच्यावर वस्तीच्या सेवाकेंद्राचे नाव होते व खाली ‘स्वयंसेवक’ हा शब्द. पोस्टमास्तरांनी ती दोन्ही हातांनी स्वीकारली. परक्यांची सुखदुःखे घरोघर पोहोचवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना पत्नीच्या निधनानंतर एवढेच मागणे उरले होते, की आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडावे.

सेवा साधी होती. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर, जन्मभर शिवणकाम केलेल्या एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांची दृष्टी अधू झाली होती, असे लेकीने सांगितले होते. त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्या देशाची भाषा पोस्टमास्तर साठीनंतर शिकले होते. म्हणून ते पहाटेच उठून घरी आलेला अंक आधी स्वतःशी वाचत, अडलेले शब्द कोशात पाहत, उच्चार घोटत, आणि मगच दाढी करून, इस्त्रीचा कोट चढवून निघत.

"बाबा, परीक्षेला निघालात का?" जावई विचारत.

"परीक्षेत नापास झालं तर आपलंच नुकसान," ते उत्तर देत. "इथं बाईंचं होईल."

बाई खिडकीपाशी झाकण घातलेल्या शिवणयंत्राशेजारी बसून, डोळे मिटून ऐकत.

"पोस्टमास्तर, तुमचं वाचणं म्हणजे मालगाडी. प्रत्येक स्टेशनावर थांबते."

"पण माल पोचतो ना सगळा?"

"पोचतो. शिळा होऊन पोचतो."

आणि दोघेही हसत. त्या हसण्याची शिदोरी पोस्टमास्तरांना दिवसभर पुरत असे.

एके सकाळी त्यांच्या कोटाचे बटण लोंबकळत होते. बाईंचे लक्ष तिकडे गेले.

"काढा तो कोट. असा घालून लोकांत फिरता? वाचा तुम्ही, माझे हात मोकळेच आहेत."

पोस्टमास्तर पुलाच्या दुरुस्तीची बातमी वाचू लागले. बाईंनी खण उघडला, दोऱ्याचे टोक दातांनी तोडले, बारीक सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्याच खेपेस दोरा ओवला. नेमक्या त्याच क्षणी एका शब्दाशी अडखळून पोस्टमास्तरांनी मान वर केली होती. सुईचे नेढे त्यांना स्वतःला दिसत नव्हते.

वाचन थांबले. बाईंचा हातही थांबला.

"तुम्हाला दिसतं, बाई."

बाईंनी सुई खाली ठेवली नाही. "दिसतं."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. तुमची मुलगी केंद्रात आली होती. म्हणाली, वडील एकटे पडलेत, त्यांना गुंतवून ठेवणारं कुणीतरी हवं. पण त्यांना ते कळता कामा नये." त्यांनी मानेनेच दाराकडे खूण केली. खुंटीवर शालीखाली तशीच निळी फीत लोंबत होती. "माझं नाव तिथं आधीपासून होतं."

"म्हणजे तुमची सेवा माझ्याकडे लागली होती."

बाईंनी मान खाली घालून बटण पुरे केले. गाठ मारताना दोरा अंमळ जास्तच ओढला गेला.

घरी लेक भाजी चिरत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"बाबा, चिडू नका. मी खरंच तुमच्यासाठी काम मागायला गेले होते. ते म्हणाले, या वयाच्या, भाषेला अडखळणाऱ्या माणसाला काय काम देणार? उलट तुम्हालाच सोबत देऊ केली. मग काय करायला हवं होतं मी? तुम्ही खुशीत होतात ना?"

"होतो."

"मग?"

"ती पट्टी कुणी दिली?"

लेकीची सुरी थांबली. "माझ्या ऑफिसात छापून घेतली."

पोस्टमास्तरांनी जावयांकडे पाहिले. जावई बुटांच्या नाड्या सोडण्यात गढून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना सवयीने पहाटे जाग आली, पण कोश फळीवरच राहिला. ठरल्या वेळी ते तिसरा मजला चढून गेले आणि वर्तमानपत्र बाईंपुढे धरले.

"आज तुम्ही वाचा."

बाईंनी नाइलाजाने वाचायला घेतले. स्वच्छ, झरझर वाहणारा स्वर. ज्या पानाला पोस्टमास्तरांची अवघी सकाळ लागत असे, ते पान चहा निवायच्या आत संपले. ते डोळे मिटून ऐकत होते. बाई रोज ऐकत, तसेच.

"असं वाचता येत असून रोज माझं ऐकत बसलात?"

"मला आवडायचं ते."

"ते आता मला कसं कळावं, बाई?"

पोस्टमास्तरांनी खिशातून ओळखपट्टी काढून शिवणयंत्राच्या झाकणावर ठेवली व ते उठले.

"उद्या याल ना?"

ते कोटाचे बटण लावू लागले. बटण इतके घट्ट शिवले गेले होते की काजात जाईना. बाई मदतीला पुढे झाल्या, तसे ते एक पाऊल मागे सरले आणि उघड्या कोटानेच जिना उतरू लागले.