लढाई थांबवणारा तोबरा

मी तोबरा बोलतोय. चणे भरून घोड्याच्या तोंडाला बांधतात ना, तोच. भरल्या तोंडाने बोलू नये म्हणतात. पण माझं तोंड आता रिकामं आहे, तेव्हा सांगून टाकतो. एक अख्खी लढाई मी थांबवली आहे. हसू नका. तलवारीचे पोवाडे होतात, तोबऱ्याचा कोण करणार? म्हणून स्वतःच बोलावं लागतं.

अहेरीच्या इब्राहीममियाँनी आम्हा बारा भावांना एका बैठकीत शिवलं. अंग जाड ताडपत्रीचं, बूड कातड्याचं, बाजूंना हवेसाठी भोकं. ही भोकं लक्षात ठेवा.

सन पन्नासचा उन्हाळा. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी आमचा तळ पडला. बारा घोडे, बारा स्वार, वर फारूक जमादार. नदीपलीकडे आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांवर बंदुका रोखल्या होत्या. एक भाऊ जमीनदाराकडून, दुसरा जंगलातल्या बंडवाल्यांकडून. आम्ही अलीकडून उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, राखायचा. खरं तर वाळू मोजायची.

माझा स्वार सुकलू. आरमोरीकडचा ढिवर, मासे धरणाऱ्यांच्या घरातला, वय एकोणीस. भरतीच्या साहेबाने विचारलं, "घोड्यावर बसता येतं?"

"येते ना, सायेब."

बसला होता तो मामाच्या म्हशीवर. त्याला मिळालेली घोडी बिजली उभ्याउभ्या झोपायची. जोडी छान जमली. त्याला घोडं चालवता येत नव्हतं आणि तिला चालायचं नव्हतं.

सकाळी बिगुल, मग मालीश, मग कवायत. कवायतीत सुकलू रोज एकदा तरी वाळूत पडायचा. तीन महिन्यांत आमच्या तळाचं सांडलेलं रक्त तेवढंच. बाकीचं डासांनी प्यालं.

जेवायला रोज तुरीची पातळ डाळ. समोर नदी आणि ताटात डाळ, ढिवराच्या पोराला कसं सोसावं? एका दुपारी त्याने माझ्या तोंडाला बांबूची कामटी बसवली, तळाशी चण्याचं पीठ चोपडलं आणि मला धारेत लावलं. पाणी भोकांतून निघून गेलं, झिंगे आत राहिले. संध्याकाळी तळावर असा वास सुटला, की जमादार स्वतः थाळी घेऊन आले.

"ए सुकलू, हे कशात पकडले बे?"

"हातानंच, साहेब."

"बढिया हात आहे!" जमादारांनी दोनदा वाढून घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही. साहेब लोकांचं शहाणपण ते हेच.

मग आम्ही बाराही भाऊ नदीत जाऊ लागलो. परत आलो की सुकलू आम्हाला राखेने घासायचा, कडुलिंबाचा पाला चोळायचा, उन्हात टांगायचा. घोड्याला मासळीचा वास खपत नाही, एवढं तो शिकला होता.

पलीकडच्या गावात त्याची थोरली बहीण गोकुळा नांदत होती. दिवस भरत आले होते. बाजाराच्या दिवशी ती पैलतीरावर उभी राहून ओरडायची, "सुकलू! जेवलास का रे?"

"जेवलो, बाई! झिंगे!"

"मले नाई ठेवले काऊन?"

एका दुपारी हुकूम आला. पहाटे उतार ओलांडायचा, ते गाव घेरायचं, घराघरांतून बंडवाले काढायचे, कोणी पळाला तर गोळी. गाव गोकुळाचं. आणि गोकुळाचा नवरा बंदुकीच्या आवाजाने सगळ्यांत आधी पळणारा माणूस.

सुकलू बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मग उठून जमादारांना म्हणाला, "साहेब, उद्या मोहीम हाय. आज झिंग्यायची पंगत होऊ द्या."

"वा! शेर आहेस!"

बाराही तोबरे पाण्यात उतरले. पंगत झाली. पण त्या संध्याकाळी आम्हाला ना राख लागली, ना पाला.

पहाटे चणे भरून आम्हाला घोड्यांच्या तोंडांना बांधलं. बिजलीने एक श्वास घेतला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा नावाला जागली. मागचे पाय आभाळात! बाराही घोडे फुरफुरले, चण्याला तोंड लावीनात. रिसाल्याचा दंडक होता, उपाशी घोड्यावर खोगीर चढवायचं नाही. वाळूत दाणा टाकावा तर घोड्याच्या पोटात वाळू जाते, तीही मनाई.

जमादारांनी मला उचललं, नाकाशी धरलं आणि सुकलूकडे पाहिलं.

"हे काय आहे बे?"

"झिंगे, साहेब. काल तुमी खाल्ले ते."

सुकलूची नोकरी गेल्यात जमा होती, कदाचित तुरुंगही होता. जमादार मिशीवरून हात फिरवत राहिले. खरं कळवावं तर सरकारी तोबऱ्यातली मासळी आपल्याही पोटात.

"लिही," ते कारकुनाला म्हणाले, "घोड्यांस अज्ञात रोग. मोहीम तहकूब."

जनावरांचा डॉक्टर चांद्याहून पाच दिवसांनी आला. तोवर आम्ही धुतले गेलो होतो, घोडे चणे खाऊन गुबगुबीत झाले होते. डॉक्टरने सुकलूला घोड्यांची उत्तम निगा राखल्याचा दाखला दिला. पलीकडे मोहिमेची कुणकुण लागून गाव कधीच रिकामं होऊन जंगलात पांगलं होतं, आणि गोकुळाला तिथेच एका मोहाच्या झाडाखाली मुलगी झाली.

तळ उठला तेव्हा जमादारांनी मला 'निकामी' लिहून सुकलूला दिलं. त्याने मला उतार ओलांडून, गावात परतलेल्या गोकुळाकडे नेलं, झिंग्यांनी भरून. आमच्या रिसाल्यातून सुकलूखेरीज पलीकडे पोचलेला मी एकटाच.

आज मी तिच्या छपराला टांगलेला आहे. कोंबडी माझ्यात अंडी उबवते. घोडं जवळून गेलं तर अजून नाक मुरडतं. ती माझी पदकं. एकच विनंती आहे. माणसांचा काही भरवसा नाही, त्यांचं पुन्हा आपसात पेटेल. तेवढ्यासाठी मला धुवायला काढू नका.