पोम्बेरोला दिलेला आवाज

दुपारच्या जेवणानंतर आमचं गाव तीन तास झोपतं. त्या वेळी बाहेर पडलेल्या पोरांना पोम्बेरो उचलून नेतो, म्हणून चौकात चिटपाखरू नसतं. फाकुन्दोने आपल्या भयपटाच्या आवाजाची चाचणी चौकात नेमकी तेव्हाच ठेवली. संध्याकाळी सात वाजता अख्खं गाव तिथे पडद्यासमोर बसणार होतं.

"डॉक्टर, ऐका तुमचा पोम्बेरो," तो म्हणाला आणि स्पीकरमधून किंकाळी सुटली.

चित्रपटातला पोम्बेरो अर्धा माणूस, अर्धं जनावर. त्याचा आवाज मी दिला होता, माझ्या ध्वनिसंग्रहातून. इथल्या कराया माकडांचा मी अकरा वर्षं अभ्यास करते आहे. आवाज वापरायच्या परवानगीच्या कागदावर मी 'जंगलातलं ध्वनिमुद्रण' एवढंच लिहून सही केली होती.

किंकाळी दुसऱ्यांदा वाजली तेव्हा चर्चशेजारचं तिम्बोचं झाड हललं. एक मादी खाली उतरली. कराया सहसा जमिनीवर येत नाहीत. ही तापलेल्या फरशीवरून चालत स्पीकरपाशी गेली आणि तिने जाळीवर हात ठेवला. त्या हाताचं एक बोट अर्धं तुटलेलं होतं. मी तिला ओळखत होते.

"एवारिस्तो काका, कॅमेरा आणा!" फाकुन्दो कुजबुजला. "आवाज पुन्हा लावा, पुन्हा!"

विजेचं काम बघणारा म्हातारा एवारिस्तो जागचा हलला नाही. "ती काय शोधतेय हो, डॉक्टर?"

मी स्पीकरची तार उपटली.

"पिल्लू," मी म्हणाले. "तिचं."

गेल्या ऑक्टोबरात ते फांदीवरून पडलं होतं. वरवर तरी जखम दिसत नव्हती. खोडावर ठेवलं असतं तर आईने घेतलं असतं. ती चार मीटरवर होती. पण त्या वयाच्या पिल्लाची हाक माझ्या संग्रहात नव्हती. मी ते उजव्या मुठीत धरलं आणि माइक सुरू केला. ते ओरडायचं थांबलं की मी मूठ जराशी आवळायचे. सातव्या मिनिटाला ते ओरडेनासं झालं. नोंदवहीत मी लिहिलं, 'पडल्यामुळे मृत्यू.'

हे सगळं मी दोघांना सांगितलं.

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, काय भीतिदायक आवाज आहे म्हणून," फाकुन्दो म्हणाला. "आता सात वाजता काय करू? पोम्बेरो मुका ठेवू?"

"माझा आवाज घ्या."

"आधी इथून लांब व्हा," एवारिस्तो म्हणाला. "आपण उभे आहोत तोवर बिचारी वर जायची नाही."

त्याच्या कोठीत मी माइकसमोर उभी राहिले. "बाई ओरडल्यासारखं वाटतंय," फाकुन्दो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी उजवी मूठ हळूहळू आवळली, तेव्हाइतकीच. त्याने तेच ठेवलं.

संध्याकाळी तिम्बोवर शांतता होती. पडद्यावर पोम्बेरो ओरडला आणि पोरांनी आयांच्या कुशीत तोंडं लपवली. शेजारच्या खुर्चीवरच्या एउलालिया मावशीने छातीवर क्रुसाची खूण केली.

"बाई गं! हे कुठलं गं जनावर?"

"मी," मी म्हणाले.

"पुरे तुझी चेष्टा!" ती हसली आणि तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मी तो काढून घेतला.