चुनखडीची कचकच

आमची गिरणी दगड दळते. सकाळी दात घासता त्यात आमची चुनखडी, मग अंगावर पावडर थापता ते आमचे शंखजिरे, चहाचा कप आमच्या चिनी मातीचा. तुम्ही घराबाहेर पडण्याआधीच आमचे अर्धे गोदाम वापरून झालेले असते. आभार कोणी मानत नाही.

गिरणी मामी चालवते. मी पोती भरतो. पीठ बारीक झाले की नाही, हे मामा ठरवतात. दातांनी. चिमूट पुढच्या दातांत धरून चावायची. कचकच लागली तर पुन्हा दळा. जन्मभर दगड चावून दातांनी शेवटी राजीनामा दिला आणि मामांना कवळी बसली.

मामीने कौतुक केले. "पहिल्यांदाच तुमच्या तोंडात काही सरळ दिसतंय."

पण मामा मला पोत्यांमागे ओढून म्हणाले, "भाचेबुवा, घात झाला. कवळीला काही कळत नाही रे. दगडसुद्धा लोणी लागतो."

"मग मामीला सांगा."

"म्हणजे ती तपासायला यंत्र आणणार आणि मला घरी बसवणार! यंत्र चहा मागत नाही, हे तिला माहीत आहे."

त्याच आठवड्यात टूथपेस्ट कंपनीच्या खरेदीवाल्या बाई आल्या. एवढे मोठे गिऱ्हाईक आमच्याकडे कधी फिरकले नव्हते. मामांनी ऐटीत चिमूट चावली.

"रेशीम!"

बाईंनीही चिमूट तोंडात टाकली.

कच्च.

आवाज मला पोत्यांपर्यंत आला. मामीने मामांकडे पाहिले. त्या नजरेत आमचा बराचसा माल दळून निघाला असता.

मामांनी पाठ वळवून कवळी काढली आणि माझ्या हातात दिली. दात चिनी मातीचे होते. म्हणजे आमचाच माल, परत आलेला. मामांनी दुसरी चिमूट उघड्या हिरड्यांवर घासली आणि त्यांचे तोंड कडू झाले.

"वाळू आहे," ते गिऱ्हाइकासमोरच बोळक्या तोंडाने म्हणाले. "फगळं पुन्हा दळा."

मी दळले. मामांनी घासले. "अजून." पुन्हा दळले. यावेळी त्यांनी डोळे मिटले.

"पाफ."

बाईंनी चावून पाहिले. या वेळी कच्च झाले नाही.

"ऑर्डर पक्की," बाई म्हणाल्या. "पण प्रत्येक खेप यांनीच तपासायची. अशीच. कवळी न लावता."

मामांनी भीतभीत मामीकडे पाहिले.

गिरणीत कोणी हसले की मामी खेकसते, "कामावर दात काढू नका!" त्या दिवशी तिला नाइलाजाने म्हणावे लागले, "ऐकलंत ना? उद्यापासून कामावर आलात की आधी दात काढायचे."

मामा हसले. काढायला काही उरले नव्हते, तरी हसले.