कागदावरची जयवंता

वच्छला गेल्याचं मला खापरखेड्याला, पॉवर हाऊसच्या गेटवर कळलं. पहिली पाळी सुटत होती. टाइमकीपरने हाक मारली. नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला होता. तो म्हणाला, "बसून घ्या, गिरिधरराव." मी बसलो नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आमची मुलगी उत्तरा दाराशी उभी होती. आतल्या कारकुनाने बाईचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, वच्छला गिरिधर भोयर. मृत्यूचा दाखला त्याच नावाने निघाला.

तेरावं झाल्यावर रुपराव क्वार्टरवर आला. हा वच्छलाचा चुलतभाऊ. नागपूरला लकडगंजात मिरची दळायची गिरणी आहे, ती त्या दोघांच्या भागीदारीत होती. अर्धी त्याची, अर्धी हिची. तो अर्धा हिस्सा उत्तराचा, असं वच्छला आजारपणातही सांगत होती. मी दोन वर्षांत रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार. मुलीला दुसरा आधार नाही.

रुपराव खाटेवर बसला आणि अगदी मायेनं बोलला.

"भाऊजी, तुमी बॉयलरवर काम करनारे. हे धंद्याचे शब्द तुमाले कोनी सांगतले नसन. मी सांगतो. भागीदार म्हंजे कोन? ज्याचं नाव करारात हाय तो. वारस म्हंजे कोन? मेलेल्याच्या मागं ज्याचा हक लागते तो. समजून राहिले ना?"

"समजलं."

"मंग आता सांगा. मेलं कोन?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. उत्तरा दारात आली.

"वच्छला," मी म्हणालो.

"करारात वच्छला नाई. जयवंता हाय."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर नवं नाव लिहितो. मी वच्छला लिहिलं. पण तिच्या वडिलांनी तिला गिरणीत भागीदार केलं ते लग्नाच्या आधी, माहेरच्या नावाने. मग ती घरी वच्छला झाली आणि गिरणीत जयवंताबाईच राहिली. तिथे सही जयवंताची, इथे वच्छलाची. यात काही वावगं आहे असं कधी कोणाला वाटलं नाही.

"मामा, एकच बाई हाय ते," उत्तरा म्हणाली.

"मले मालूम हाय वं पोरी. कागदाले मालूम नाई."

त्याने चहा शेवटपर्यंत प्यायला. "तुया मायसारखाच झाला," म्हणाला. जाताना चपला घालता घालता त्याने मला सांगितलं, "जयवंता तर हाय अजून. परवाच सही करून गेली."

त्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मला वाटलं.

नागपूरच्या महाल भागातले वामनराव वकील मला तसं म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडून सगळं दोनदा ऐकून घेतलं.

"करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदार मेला की भागीदारी मोडते," ते म्हणाले. "मेलेल्याचा हिस्सा वारसांना द्यावा लागतो. पण आधी भागीदार मेला हे दाखवावं लागतं. तुमच्या दाखल्यावर दुसरीच बाई मेली आहे."

"मग काय करायचं?"

"प्रतिज्ञापत्र. म्हणजे शपथेवर लिहून दिलेली गोष्ट. खोटी निघाली तर तुरुंग. दोघी एकच, असं तिच्या माहेरच्या कोणीतरी लिहून द्यावं. तुम्ही नको, मुलगी नको. तुमचा त्यात फायदा आहे."

मग त्यांनी मला आणखी एक शब्द सांगितला. हक्कसोडपत्र. माझा हिस्सा मी सोडला, असं माणूस स्वतः लिहून देतो. मेलेल्याला ते देता येत नाही.

"म्हणून घाई करा," वामनराव म्हणाले. "त्यांच्या कागदावर बाई जिवंत आहे. जिवंत बाई हक्क सोडू शकते."

दुसऱ्या दिवशी मी भिवापूरला गेलो. जिजाबाई म्हणजे वच्छलाची काकू, रुपरावची आई. आमच्या लग्नात माहेरची जी वडीलधारी माणसं होती त्यांपैकी ती एकटीच उरली आहे. अंगणात मिरचीचे देठ खुडत बसली होती. मला पाहून तिने पदर डोळ्यांना लावला.

मी प्रतिज्ञापत्राचं सांगितलं.

"तिले हळद म्या लावली, जावाईबापू. तिले लहानपनी न्हाऊ म्या घातलं. मले काय इचारता जयवंता कोन अन् वच्छला कोन?"

"तेच शपथ घेऊन साहेबासमोर सांगा. मी गाडी करून नेतो."

तिने बराच वेळ देठ खुडले.

"म्या सांगतलं का माह्या पोराच्या हातात बेड्या पडतीन."

"काकू, उत्तराचं काय?"

"काहून आले गा तुमी?" ती एकदम ओरडली. जावयाला कोणी असं बोलत नाही. मग तिने आवाज खाली आणला. "जा तुमी आता. अन् पोरीले एकटीले लकडगंजात नका धाडू. मायचं ऐका, मी त्याची माय हाय."

परतताना मी स्टँडवरून सरळ गिरणीत गेलो. चक्की चालू होती, डोळे झोंबत होते. वच्छला बसायची त्या गादीवर एक बाई बसली होती. तिच्याच वयाची, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. हमालाने पावती पुढे केली. "जयवंताबाई, सही." त्या हमालाने वच्छलाला वीस वर्षं पाहिलं आहे. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

बाईने आधी शेजारी उभ्या असलेल्या रुपरावकडे पाहिलं, मग पेन घेतलं. जयवंता हे नाव तिने सावकाश लिहिलं. बरोबर लिहिलं.

"या भाऊजी," रुपराव म्हणाला. "बसा. आमच्या बाईले भेटले का? आता हिलेच इचारा, मेली का तू म्हनून."

ती हसली नाही. मी तिथून निघालो.

उत्तराला मी घराबाहेर एकटं सोडत नाही. घाई करा, असा वामनरावांनी दोनदा निरोप पाठवला. काकूंचा अंगठा मिळालेला नाही, दुसरा साक्षीदार मिळालेला नाही. जयवंताच्या मृत्यूची नोंद अजून व्हायची आहे.